गाडी सुरू होत नाही : एका ठिणगीचा दोनशे वर्षांचा इतिहास

१ एप्रिल २०२५ पासून भारतात नव्या दुचाकींसाठी ‘ओबीडी टू-बी’ हा नियमांचा टप्पा लागू झाला. त्याचा सोपा अर्थ असा की, वाहनाने स्वतःच्या प्रकृतीवर स्वतःच लक्ष ठेवायचे. इंजिनात एखादी ठिणगी पडली नाही आणि इंधन न जळता बाहेर गेले, तर ती चूक यंत्रणेने ओळखावी, तिची नोंद ठेवावी आणि चालकासमोर दिवा लावावा, अशी अपेक्षा आहे. या बातमीची चर्चा बहुधा प्रदूषणाच्या अंगाने झाली आणि ते योग्यच होते. परंतु तिला आणखी एक अंग आहे. जी चूक ओळखण्यासाठी शतकभर माणसाचे डोळे, कान आणि बोटे लागत होती, ती ओळखण्याचे काम आता नियमाने यंत्राकडे सोपवले आहे. हा बदल कोठून आला आणि त्यात काय हाती लागले, काय निसटले, हे पाहण्यासाठी ठिणगीचा इतिहास पाहिला पाहिजे. या इतिहासाची सोय अशी की, तो आजही रस्त्याच्या कडेला, बंद पडलेल्या मोटारसायकलीजवळ, जवळजवळ जसाच्या तसा तपासता येतो.

उदाहरणासाठी रायपूरचा तात्यापारा घेऊ. ‘तात्या’ हे संबोधन मराठी. ‘पारा’ म्हणजे छत्तीसगढीत वस्ती किंवा मोहल्ला. नागपूरकर भोसल्यांचा अंमल अठराव्या शतकाच्या मध्यापासून छत्तीसगढावर होता. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले, तरी त्या काळापासून आलेली मराठी घरे आणि मराठी नावे शहरात राहिली. आज तात्यापारा चौक ते शारदा चौक हा रस्ता अरुंदपणासाठी आणि वर्षानुवर्षे चाललेल्या रुंदीकरणाच्या चर्चेसाठी प्रसिद्ध आहे. उन्हाळ्यात पंचेचाळीस अंशांकडे जाणारा पारा, मग मुसळधार पाऊस, आणि वर्षभर थांबत-थांबत सरकणारी वाहतूक : मोटारसायकलीच्या विजेची परीक्षा पाहायला याहून चांगली प्रयोगशाळा शोधूनही सापडणार नाही.

अशा ठिकाणी पावसाळ्यातल्या सकाळी गाडी सुरू झाली नाही, तर जाणता मिस्त्री प्रथम हत्यार उचलत नाही. तो विचारतो, ‘सेल्फ लागतो का?’ हा प्रश्न वाटतो त्यापेक्षा खोल आहे. बटण दाबल्यावर इंजिन फिरतच नसेल, तर दोष बॅटरी, रिले, स्टार्टर मोटर आणि त्यांना जोडणाऱ्या जाड तारांच्या परिपथात शोधायचा. इंजिन फिरते पण पेट घेत नसेल, तर ही सारी साखळी बहुतांशी निर्दोष ठरते आणि शोध दुसरीकडे वळतो. पेट घेण्यासाठी तीन गोष्टी लागतात : हवा आणि पेट्रोल यांचे योग्य मिश्रण, सिलिंडरमधला पुरेसा दाब, आणि योग्य क्षणी पडणारी ठिणगी. एका प्रश्नाने अर्धा प्रांत बाद करायचा, उरलेल्या अर्ध्याचे पुन्हा दोन भाग करायचे, ही पद्धत प्रयोगशाळेतही हीच असते.

आता ठिणगीकडे वळू. बॅटरी बारा व्होल्टची आणि प्लगच्या टोकांमधली फट साधारण ०.७ मिलिमीटरची. बारा व्होल्टला ती फट ओलांडता येत नाही. त्यासाठी हजारो व्होल्ट लागतात. मग बारा व्होल्टचे हजारो व्होल्ट होतात कसे? याचे उत्तर २९ ऑगस्ट १८३१ रोजी लंडनमध्ये मायकेल फॅरडे यांच्या टेबलावर मिळाले. त्यांनी लोखंडी कड्यावर तारेची दोन वेगळी वेटोळी गुंडाळली होती. एका वेटोळ्याला बॅटरी जोडली, दुसऱ्याला विद्युतधारा दाखवणारी सुई. पहिल्या वेटोळ्यातून धारा स्थिरपणे वाहत असताना सुई ढिम्म राहिली. ती हलली फक्त बॅटरी जोडताना आणि तोडताना. दुसऱ्या वेटोळ्यात वीज निर्माण होते ती चुंबकीय क्षेत्र बदलते तेवढ्यापुरती, आणि बदल जितका वेगवान तितके विभवांतर मोठे. मोटारसायकलीचे सारे इग्निशन या एका निरीक्षणावर उभे आहे.

आयर्लंडमधील मेनूथ येथील धर्मगुरू आणि प्राध्यापक निकोलस कॅलन यांनी १८३६ मध्ये याचा पुढचा अर्थ लावला. कमी वेढ्यांच्या जाड तारेतून धारा सोडायची आणि ती झटकन तोडायची. शेजारच्या हजारो वेढ्यांच्या बारीक तारेत प्रचंड विभवांतर उमटते. पॅरिसमध्ये हाइनरिश रुम्कॉर्फ यांनी १८५० नंतर अशा कॉइल इतक्या उत्तम बनवल्या की, पुढे त्यांच्याच नावाने त्या ओळखल्या जाऊ लागल्या आणि १८६४ मध्ये तिसऱ्या नेपोलियनने ठेवलेले पन्नास हजार फ्रँकचे पारितोषिक त्यांना मिळाले. परंतु एक अडचण होती. धारा तोडताना तोडणाऱ्या टोकांमध्येच ठिणगी उडे. टोके जळत, आणि धारा झटकन तुटण्याऐवजी रेंगाळत तुटे. १८५३ मध्ये इपोलित फिझो यांनी त्या टोकांना समांतर एक धारित्र जोडण्याची युक्ती सुचवली. तुटण्याच्या क्षणी धारा धारित्रात शिरते, टोकांमधली ठिणगी दबते, आणि तोडणे खरोखर झटकन होते. प्रकाशाचा वेग पृथ्वीवर मोजणारे फिझो ते हेच.

जुन्या मोटारसायकली हाताळलेल्या वाचकांनी आतापर्यंत हे सारे भाग ओळखले असतील. धारा तोडणारी टोके म्हणजे ‘पॉइंट’, फिझोचे धारित्र म्हणजे ‘कंडेन्सर’, आणि कॅलन-रुम्कॉर्फ यांची कॉइल म्हणजे ‘कॉइल’च. राजदूतचे झाकण उघडून पॉइंटमध्ये निळी, मोठी ठिणगी उडताना दिसली की मिस्त्री म्हणे, ‘कंडेन्सर गेला.’ १८५३ पूर्वीच्या प्रयोगशाळेत जे दिसत होते, तेच त्याला दिसत होते. कारण कंडेन्सर निकामी झाल्याने ती गाडी भौतिकशास्त्राच्या दृष्टीने फिझोच्या आधीच्या काळात गेलेली असे.

विजेची ठिणगी इंजिनात आली ती १८६० मध्ये, एत्येन लन्वार यांच्या वायू-इंजिनातून, रुम्कॉर्फच्या कॉइलसह. तरीही पुढची पंचवीस वर्षे तिचा भरवसा कोणी धरत नव्हते. १८८५ मध्ये गॉटलिब डाइमलर यांनी बनवलेली दुचाकी पहिली पेट्रोल मोटारसायकल मानली जाते. तिच्यात ठिणगी नव्हतीच. बाहेरून ज्योतीने तापवलेली एक नळी सिलिंडरमध्ये उघडत असे आणि दाबलेले मिश्रण त्या तप्त नळीत शिरले की पेटे. नेमके केव्हा पेटेल यावर कोणाचेही नियंत्रण नसे. त्याच सुमारास कार्ल बेन्झ यांनी बॅटरी आणि कॉइल वापरली. परंतु त्या काळच्या बॅटऱ्या प्रवासात लवकर संपत आणि चालक वाटेत अडकत. गाडी सुरू न होण्याची तक्रार, ही अशी, मोटारीइतकीच जुनी आहे.

त्यावरचा उपाय श्टुटगार्टच्या एका छोट्या कार्यशाळेत तयार झाला. रॉबर्ट बॉश यांनी १८८७ मध्ये स्थिर इंजिनासाठी मॅग्नेटो बनवला : बॅटरीऐवजी चुंबक, आणि इंजिनाच्याच फिरण्यातून वीज. १८९७ मध्ये फ्रेडरिक सिम्स यांच्या सांगण्यावरून तो द दिओं-बुताँच्या तीनचाकीवर बसवण्यात आला. १९०२ मध्ये बॉश यांचे सहकारी गॉटलोब होनोल्ड यांनी उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि त्याला जोडलेला स्पार्क प्लग अशी पूर्ण जोडी सिद्ध केली. तिचे महत्त्व इतके वाढले की, १९१४ मध्ये महायुद्ध सुरू होताच ब्रिटनला मॅग्नेटोंची टंचाई भासली. कारण ते बहुतांशी जर्मनीहून येत. उलट अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी १९१० च्या सुमारास बॅटरी-कॉइलची पद्धत सुधारून परत आणली आणि १९१२ च्या कॅडिलॅक मोटारीत विजेचा स्टार्टरही दिला.

या दोन घराण्यांचा भेद आजही निदानात पहिल्याच पायरीवर उपयोगी पडतो. मॅग्नेटोच्या गाडीत बॅटरी पूर्ण मेली, काढून ठेवली, तरी किक मारून ठिणगी पडते. हॉर्न वाजणार नाही, पण इंजिन चालेल. बॅटरी-कॉइलच्या गाडीत बॅटरी गेली की ठिणगीही गेली. म्हणून ‘बॅटरी डाउन आहे, म्हणून गाडी सुरू होत नाही’ हे विधान एका गाडीबाबत पूर्ण निदान असते आणि दुसऱ्या गाडीबाबत निव्वळ योगायोग. समोरची गाडी कोणत्या घराण्याची आहे हे ठाऊक नसेल, तर कितीही अनुभव असला तरी तो दिशाभूल करतो.

स्वातंत्र्योत्तर भारताच्या रस्त्यांवर ही दोन्ही घराणी एकत्र नांदली. मद्रासची बुलेट १९५५ पासून, म्हैसूरची जावा १९६१ पासून, एस्कॉर्ट्सची राजदूत १९६२ पासून, आणि पुण्याजवळच्या आकुर्डीच्या बजाजची चेतक स्कूटर १९७२ पासून. सर्वांत पॉइंट होते, आणि पॉइंट म्हणजे झिजणारा, मळणारा, पण उघड्या डोळ्यांना दिसणारा भाग. पॉइंटची फट साधारण ०.३५ ते ०.४ मिलिमीटर ठेवायची. कॅमवर घासणारी त्याची टाच झिजली की फट कमी होते आणि ठिणगी उशिरा पडू लागते. टोकांवर काजळी आली की पॉलिश पेपर फिरवायचा. पावसात झाकणाखाली ओल गेली की पुसून कोरडे करायचे. जुन्या बुलेटच्या दिव्यावर तर अॅमीटर असे. किक हळूहळू दाबताना पॉइंट मिटले की त्याची सुई कलंडे, उघडले की मध्यावर येई. त्यावरून जाणकार चालक पिस्टनची जागा ओळखून किक मारत. म्हणजे इग्निशनचे मोजमाप करणारे उपकरण चालकाच्या डोळ्यांसमोरच होते आणि ते वाचायला तो शिकलेलाही होता.

प्लग बनवण्याचे तंत्रही याच काळात भारतात रुजले. बंगळूरला १९५१ मध्ये बॉशच्या सहकार्याने मोटर इंडस्ट्रीज कंपनी, म्हणजेच ‘मायको’, स्थापन झाली. पुढे नाशिकला तिचा डिझेल इंजिनाच्या नोझलचा कारखाना आला. कंपनीचे नाव २००८ मध्ये बदलले, परंतु नाशिककरांच्या तोंडी मायको सर्कल अजून मायको सर्कलच आहे. श्टुटगार्टच्या कार्यशाळेचा धागा असा आपल्या एका चौकाच्या नावापर्यंत पोहोचतो.

येथे प्लग तपासण्याच्या सर्वपरिचित पद्धतीबद्दल थोडे थांबून बोलले पाहिजे. कारण तिच्यात भौतिकशास्त्राचा एक सापळा आहे. पद्धत अशी : प्लग काढायचा, टोपी लावून त्याचे धातूचे अंग इंजिनाला टेकवायचे, इंजिन फिरवायचे आणि ठिणगी पाहायची. ठिणगी दिसली म्हणजे इग्निशन ठीक, असा निष्कर्ष काढला जातो. १८८९ मध्ये फ्रीडरिश पाशेन यांनी दाखवले की, वायूतून ठिणगी पडण्यासाठी लागणारे विभवांतर वायूचा दाब आणि फटीचे अंतर यांच्या गुणाकारावर अवलंबून असते. मोकळ्या हवेत एका मिलिमीटरला ढोबळमानाने तीन हजार व्होल्ट लागतात; म्हणजे ०.७ मिलिमीटरच्या फटीला दोन-तीन हजार पुरतात. पण सिलिंडरमध्ये ठिणगीच्या क्षणी मिश्रण सहा-सात पट दाट झालेले असते. तेथे तीच फट मोकळ्या हवेतल्या चार-पाच मिलिमीटरच्या फटीसारखी वागते आणि दहा हजारांहून अधिक व्होल्ट मागते. अशक्त कॉइल बाहेर ठिणगी देईल आणि आत देणार नाही. म्हणून बाहेर ठिणगी न दिसणे हा दोषाचा चांगला पुरावा आहे. परंतु ती दिसणे हा निर्दोषपणाचा पुरावा नाही. सुमारे सहा मिलिमीटर फटीचा तपासणी-प्लग वापरला तर उत्तर पुष्कळ अधिक विश्वासार्ह मिळते. शिवाय काढलेल्या प्लगच्या छिद्रातून पेट्रोलची वाफ बाहेर येत असते. ठिणगी त्यापासून दूर ठेवावी आणि प्लगचे अंग धातूला घट्ट टेकलेले असावे. त्याला पक्के अर्थिंग मिळाले नाही, तर ते उच्च विभवांतर इलेक्ट्रॉनिक भाग जाळू शकते, माणसाला झटका देऊ शकते.

१९८५ मध्ये हीरो होंडा सीडी १०० आणि यामाहा आरएक्स १०० या गाड्या आल्या आणि त्यांच्याबरोबर ‘सीडीआय’ हा शब्द भारतीय गॅरेजांत रुळला. त्यातील कल्पना कॅलनच्या कल्पनेहून वेगळी होती. येथे वाहती धारा तोडायची नाही. एक धारित्र आधीच दोन-तीनशे व्होल्टपर्यंत भरून ठेवायचे आणि योग्य क्षणी ते कॉइलमध्ये एकदम रिकामे करायचे. हे रिकामे करण्याचे काम थायरिस्टर करतो. तो १९५७ मध्ये अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकमध्ये घडला. हिशेब सोपा आहे : एक मायक्रोफॅरड धारित्र तीनशे व्होल्टवर असेल, तर ऊर्जा अर्धा गुणिले धारिता गुणिले विभवांतराचा वर्ग, म्हणजे ०.०४५ जूल. योग्य मिश्रण आदर्श स्थितीत पेटायला याच्या शंभराव्या भागाहूनही कमी ऊर्जा पुरते. परंतु थंड, अशुद्ध, वेगाने हलणाऱ्या मिश्रणासाठी एवढी शिल्लक लागतेच. सीडीआयचे विभवांतर फार वेगाने चढते. तेलाने मळलेल्या प्लगवरून वीज गळून जाण्याआधीच ठिणगी पडते. टू-स्ट्रोक गाड्यांना हे वरदान ठरले. पॉइंट नाहीत, झीज नाही, वारंवार जुळवणी नाही.

परंतु सीडीआयचा डबा राळेने भरून बंद केलेला असतो. त्याच्या आत काय घडते ते दिसत नाही, दुरुस्तही करता येत नाही. दोष दिसण्याची जागा तेथून नाहीशी झाली आणि गॅरेजमध्ये एक नवी पद्धत रूढ झाली : दुसऱ्या गाडीचा चांगला डबा लावून पाहायचा. गाडी सुरू झाली तर पहिला डबा खराब. ही पद्धत टाकाऊ नाही. एका वेळी एकच घटक बदलायचा, हा प्रयोगाचा मूळ नियमच तिच्यात आहे. तिची मर्यादा अशी की, डबा का जळला हे ती सांगत नाही. चार्जिंग बिघडून विभवांतर वाढले असेल, तर नवा डबाही महिनाभरात जळतो आणि दोष डब्याच्या दर्जावर ढकलला जातो. म्हणून डबा बदलण्यापूर्वी त्याच्याकडे येणाऱ्या आणि त्याच्याकडून जाणाऱ्या तारा मल्टिमीटरने मोजणे हा शहाणपणाचा क्रम होय. कॉइलच्या प्राथमिक वेटोळ्याचा रोध जेमतेम ओहमभर, द्वितीयक वेटोळ्याचा काही हजार ओहम, इशारा देणाऱ्या पिकअप कॉइलचा बहुधा शे-दोनशे ओहम. नेमके आकडे त्या-त्या गाडीच्या पुस्तिकेत असतात. तार तुटली असेल तर रोध अनंत दिसतो. वेटोळी आत एकमेकांना चिकटली असतील तर अपेक्षेहून कमी. आणि काही दोष फक्त इंजिन तापल्यावर दिसतात, म्हणून मोजमाप गरम असतानाही करावे लागते.

पुढचा टप्पा पुण्यातच घडला. बजाजने २००१ मध्ये पल्सर आणली आणि २००३ मध्ये तिला दोन प्लगचे, सूक्ष्मप्रक्रियकाने नियंत्रित इग्निशन दिले. या दोन ठिणग्यांच्या एकस्वावरून बजाज आणि टीव्हीएस यांच्यात झालेला वाद २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि अशा खटल्यांचा निकाल लवकर लावावा, असे न्यायालयाने त्या निमित्ताने बजावले. ठिणगी केव्हा पाडायची हे आता कॅमचा आकार ठरवत नव्हता. ते आज्ञावलीत लिहिलेले होते. १ एप्रिल २०२० रोजी देश भारत स्टेज चारवरून थेट सहावर गेला आणि बहुतेक नव्या मोटारसायकलींतून कार्ब्युरेटर जाऊन इंधनाचे इंजेक्शन आले. ठिणगी आणि पेट्रोल या दोन्हींचा निर्णय एकाच नियंत्रकाकडे, म्हणजे ‘ईसीयू’कडे गेला. गंमत अशी की, यांतील बऱ्याच गाड्यांत ईसीयू पुन्हा कॉइलमधली धारा तोडूनच ठिणगी पाडतो. पॉइंटच्या जागी ट्रान्झिस्टर आला, पण तत्त्व कॅलनचेच.

अशा गाडीत ‘ठिणगी नाही’ या वाक्याचा अर्थ विस्तारला आहे. साइड स्टँड खाली असेल, किल स्विच बंद असेल, गाडी पडल्याचे कळवणारा संवेदक अडकला असेल, क्रँकची स्थिती सांगणारा संवेदक गप्प असेल, तर ईसीयू ठिणगी देत नाही. आणि तो नियमाप्रमाणेच वागत असतो. सर्वांत अधिक वेळा कारण मात्र साधे निघते : बॅटरी. तात्यापाऱ्यासारख्या गर्दीच्या रस्त्याचा हिशेब करू. स्टार्टर पन्नास अँपिअर धारा तीन सेकंद ओढतो, म्हणजे दीडशे कूलॉम. ती भरून काढायला अर्धा अँपिअर उरत असेल तर पाच मिनिटे लागतात. पण एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा पुढचा दिवा कायम चालू असतो. पस्तीस वॅटचा दिवा तीन अँपिअर घेतो. इंजिन मंद फिरत असताना चार्जिंगमधून काहीच उरत नाही. दर शे-दोनशे मीटरवर थांबायचे, इंजिन बंद करायचे, बटण दाबायचे; आठवडाभरात बॅटरी हळूहळू रिती होते आणि पहिल्या पावसात दोष ‘अचानक’ प्रकट होतो.

त्यात गंजाची भर पडते. बॅटरीच्या टोकावर किंवा अर्थिंगच्या बोल्टवर ओलीने ०.०५ ओहम इतका क्षुल्लक रोध वाढला, तर पन्नास अँपिअरला तेथे अडीच व्होल्ट पडतात. बॅटरी स्थिर असताना १२.६ व्होल्ट दाखवते आणि निर्दोष वाटते. बटण दाबताच नियंत्रकापर्यंत नऊच पोहोचतात, आणि तो शुद्ध हरपतो. म्हणून विभवांतर मोजायचे ते बटण दाबलेले असताना, आणि शक्यतो तारेच्या दोन टोकांमध्ये. ओहमचा नियम शाळेत पाठ केलेला असतो. त्याचा उपयोग येथे दिसतो.

आता पुन्हा मूळ बातमीकडे. नव्या यंत्रणेला वाचक-उपकरण जोडले की ती सांकेतिक क्रमांक देते. ‘पी०३५१’ असा क्रमांक आला तर अर्थ होतो : इग्निशन कॉइलच्या परिपथात बिघाड. येथे ‘परिपथ’ हा शब्द महत्त्वाचा आहे. कॉइल जळली, तार उंदराने कुरतडली, जोडणीत पाणी गेले, किंवा ईसीयूमधला ट्रान्झिस्टर गेला, यांपैकी काहीही झाले तरी क्रमांक तोच येऊ शकतो. यंत्र लक्षण सांगते. कारण शोधण्याचे काम माणसाकडेच उरते, आणि ते करायचे तर अर्धा-अर्धा प्रांत बाद करणारी जुनी पद्धतच लागते. क्रमांक पाहून थेट कॉइल बदलणे म्हणजे डबा बदलून पाहण्याचीच महागडी आवृत्ती होय.

यात पणाला लागले आहे ते एका मोठ्या वर्गाचे ज्ञान आणि उपजीविका. पॉइंटच्या काळातील मिस्त्रीने भौतिकशास्त्र पुस्तकातून शिकले नव्हते. परंतु दोष त्याला दिसत होता, म्हणून तो त्यावर विचार करू शकत होता आणि शेजारी उभ्या पोराला दाखवू शकत होता. आज वायरिंगचा नकाशा, दुरुस्तीची पुस्तिका आणि निर्मात्याचे स्वतःचे संकेत हाती नसतील, तर तोच बुद्धिमान माणूस अंदाजावर अवलंबून राहतो. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ रोजी ‘राइट टू रिपेअर’ संकेतस्थळ सुरू केले आणि त्यात मोटारवाहन क्षेत्राचा समावेश केला, ही दिशा योग्य आहे. तथापि माहिती केवळ उपलब्ध असून भागत नाही. ती वाचता येईल अशा भाषेत असावी लागते. रायपूरशी आयुष्यभर जोडलेले मराठी भाषक माधवराव सप्रे यांनी जानेवारी १९०० मध्ये पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक सुरू केले, आणि पुढे काशीच्या नागरी प्रचारिणी सभेच्या वैज्ञानिक कोशासाठी अर्थशास्त्राच्या परिभाषेचे काम केले. ज्ञान आपल्या लोकांच्या भाषेत आणायचे तर आधी शब्द घडवावे लागतात, हे त्या पिढीने जाणले होते. तात्यापाऱ्याच्या गॅरेजात आज मराठी, हिंदी आणि छत्तीसगढी एकत्र वावरतात आणि ‘करंट येत नाही’ या एका वाक्यात पाच वेगवेगळे दोष मावतात. धारा नाही, विभवांतर नाही, अर्थिंग नाही, इशारा नाही, की परवानगी नाही, हे वेगळे करून सांगणारी साधी, चित्रांसह पुस्तिका या भाषांत असणे, ही वाचक-उपकरणाइतकीच मोठी गरज आहे. ते काम विज्ञान शिकलेल्या आपल्यासारख्यांना करता येण्याजोगे आहे.

विद्यार्थ्यांसाठी एक छोटा प्रयोग सुचवतो. काही शे रुपयांचा मल्टिमीटर घ्या आणि घरातल्या मोटारसायकलीच्या बॅटरीवर तीन आकडे नोंदवा : रात्रभर उभी असताना, बटण दाबलेले असताना, आणि इंजिन थोड्या वेगाने फिरत असताना. गाडी निरोगी असेल तर ढोबळमानाने बारा-साडेबारा, दहाच्या वर, आणि साडेतेरा ते साडेचौदा असे आकडे दिसतील. वहीत तारीख घालून ठेवा आणि पावसाळा संपल्यावर पुन्हा मोजा. गाडी ज्या दिवशी सुरू होणार नाही, त्या दिवशी ती वही मिस्त्रीच्या हाती द्या. पहिल्या प्रश्नाचे उत्तर तिच्यात आधीच लिहिलेले असेल.